दलदलीतून उचललेलं चर्च : वेल्समधल्या सेंट टायलोच्या जीर्णोद्धाराचं प्रकरण

जुनी वास्तू वाचवायची असेल तर ती तिच्या जागेवरून हलवावी का? आणि हलवलीच, तर पुन्हा उभी करताना ती कोणत्या सालातली दाखवावी? वारसा जतनाच्या बैठकांमध्ये हे दोन प्रश्न वरचेवर निघतात आणि बहुतेक वेळा अर्धवट सोडले जातात. दक्षिण वेल्समधल्या एका लहानशा चर्चच्या बाबतीत मात्र दोन्ही प्रश्नांची उत्तरं द्यावीच लागली, तीही दगड, चुना, लाकूड आणि रंग वापरून. काम सुरू झालं 1984 मध्ये आणि चर्चचं दार लोकांसाठी उघडलं ऑक्टोबर 2007 मध्ये. त्या वीसहून अधिक वर्षांत जे निर्णय झाले, त्यांतले काही मला पूर्ण पटतात आणि एक पूर्ण पटत नाही. तरीही जीर्णोद्धाराच्या नावाखाली आपल्याकडे जे चालतं ते पाहिलं, की हे प्रकरण नीट मांडायला हवं असं वाटतं.

स्वान्सी शहराच्या वायव्येला पॉन्टरडुलेस हे गाव आहे. तिथून जवळच, भरती-ओहोटीच्या लुखर नदीच्या काठी, खाऱ्या दलदलीत हे चर्च उभं होतं. परगण्याचं नाव लान्डायलो तालीबॉन्ट आणि चर्च संत टायलोचं. टायलो हा सहाव्या शतकातला वेल्श संत. त्याच्याबद्दलची एक आख्यायिका या प्रकरणात हटकून आठवते. तो वारल्यावर तीन ठिकाणच्या लोकांनी त्याच्या देहावर हक्क सांगितला, रात्रभर प्रार्थना झाली आणि सकाळी पाहतात तर एकाचे तीन देह झालेले. तिन्ही ठिकाणचे लोक आपापला संत घेऊन समाधानाने घरी गेले. चर्चच्या बाबतीत असा चमत्कार होत नाही. ते एका ठिकाणी उभं करायचं तर दुसऱ्या ठिकाणाहून काढावंच लागतं.

इमारतीचा सर्वांत जुना भाग साधारण तेराव्या शतकातला. पुढच्या दोन-तीनशे वर्षांत गरजेप्रमाणे आणि ऐपतीप्रमाणे तिला दालनं जोडली गेली. दक्षिणेकडे मुख्य दालनाला समांतर दुसरं दालन आलं, उत्तरेला एक उपदालन, दाराशी देवडी. गावातल्या जुन्या घराला जसं प्रत्येक पिढी एक सोपा, एक पडवी जोडत जाते, तशीच ही वाढ. मोठा वास्तुशिल्पी नाही, भव्य मनोरा नाही. डबराच्या भिंती, चुन्याचा गिलावा, लाकडी वासे आणि वर पाटीच्या दगडाचं छप्पर.

1534 मध्ये इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीने रोमच्या पोपशी नातं तोडलं आणि तिथे धर्मसुधारणेला वाट मिळाली. त्याच्या मुलाच्या, सहाव्या एडवर्डच्या कारकिर्दीत 1547 पासून चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रं काढून टाकण्याचे हुकूम निघाले. राज्यभरातल्या भिंतींवर चुन्याचे हात फिरले आणि त्या पांढऱ्या भिंतींवर बायबलमधली वचनं लिहिली गेली. लान्डायलोतही हेच झालं. पुढे दर काही वर्षांनी सफेदी होत राहिली आणि थरावर थर चढत गेले. आत पेटीसारखी बंदिस्त बाकं आली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर वस्ती जिथे वाढत होती तिथे, पॉन्टरडुलेसमध्ये, नवं चर्च बांधलं गेलं आणि दलदलीतलं ‘जुनं चर्च’ अधूनमधूनच्या उपासनेपुरतं उरलं. 1970च्या दशकात तेही थांबलं.

ओस पडलेल्या इमारतीचा ऱ्हास कुठून सुरू होतो? जवळजवळ नेहमी छपरातून. इथेही छपराच्या पाट्या चोरीला गेल्या. वेल्समध्ये जुन्या पाटीच्या दगडाला चांगला भाव येतो. वस्तीपासून दूर असलेल्या चर्चवर लक्ष ठेवायला कुणी नव्हतं. छप्पर उघडं पडलं तसा पाऊस थेट भिंतींवर येऊ लागला. ओल धरून सफेदीचे पापुद्रे सुटायला लागले आणि त्यांच्या मागून रंग दिसू लागला.

संग्रहालयाची आणि पुरातत्त्वाची माणसं तिथे पोचली तेव्हा जे समोर आलं, त्याची पुरती अपेक्षा कुणी केली नव्हती. भिंतींवर मध्ययुगीन चित्रं होती. ती एका वेळची नसून वेगवेगळ्या पिढ्यांनी काढलेली होती. प्रवाशांचा रक्षक संत ख्रिस्तोफर होता. त्याचं दर्शन झालं की त्या दिवशी अकस्मात मरण येत नाही, अशी त्या काळातली श्रद्धा होती आणि म्हणूनच बहुतेक चर्चमध्ये तो दारातून आत आल्याबरोबर दिसेल असा काढलेला असे. संत कॅथरिन होती. ख्रिस्ताच्या छळाचे प्रसंग होते.

त्यांतला एक प्रसंग नीट पाहण्यासारखा आहे. ख्रिस्ताचा उपहास. मध्ये ख्रिस्ताचा चेहरा, शांत, समोर पाहणारा. दोन्ही बाजूंनी त्याला खेटून उभी असलेली माणसं आणि त्यांची तोंडं मुद्दाम विद्रूप काढलेली. ती त्याच्यावर थुंकताहेत आणि चित्रकाराने त्या थुंकीच्या रेषासुद्धा सोडलेल्या नाहीत. हे राजदरबारी चित्रकाराचं काम नाही. शरीररचनेत चुका आहेत, हात आखूड आहेत. पण दलदल तुडवून येणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्याला आणि कोळ्याला हा प्रसंग एका नजरेत कळावा याची पक्की जाण त्या हाताला होती. चारशेहून अधिक वर्षं चुन्याखाली राहिल्यामुळेच ही चित्रं टिकली. ज्यांनी ती पुसण्यासाठी सफेदी केली, त्यांच्याच हातून ती जपली गेली.

हलवण्याचा निर्णय

वारसा जतनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वं मांडणाऱ्या 1964च्या व्हेनिस सनदेतलं सातवं कलम म्हणतं, की वास्तू तिच्या इतिहासापासून आणि परिसरापासून वेगळी करता येत नाही. तिच्या रक्षणासाठी अटळ असेल किंवा तसंच मोठं राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय हित असेल, तरच ती हलवावी. या कसोटीवर लान्डायलोचं प्रकरण उतरतं का?

माझ्या मते उतरतं. जागेवर ठेवून वाचवायचं तर छप्पर घालणं पुरेसं नव्हतं. भरतीचं पाणी, दलदलीची कायमची ओल, जवळपास वस्ती नाही, पोचायला धड रस्ता नाही आणि उपासनेला येणारं कुणी नाही. नवं छप्पर पुन्हा चोरीला गेलं असतं. ‘चर्च इन वेल्स’ या तिथल्या अँग्लिकन धर्मसंस्थेने ही इमारत कार्डिफजवळच्या सेंट फॅगन्सच्या संग्रहालयाला देऊ केली. 1948 मध्ये सुरू झालेलं हे खुलं संग्रहालय आहे. वेल्सभरातली शेतकऱ्यांची घरं, गिरण्या, शाळा, दुकानं मोडून आणून तिथे पुन्हा उभी केलेली आहेत. म्हणजे हे काम करणारे गवंडी, सुतार आणि अभ्यासक तिथे पगारावर होते आणि त्यांच्या हाताला सवय होती. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. इमारत हलवणं ही एकदा करून विसरण्याची गोष्ट असेल तर ती करूच नये. हलवल्यानंतरची पन्नास वर्षं तिची देखभाल कोण करणार, याचं उत्तर आधी हातात हवं.

पहिलं काम चित्रांचं. भिंत मोडायच्या आधी चित्रं उतरवावी लागतात. त्याची रुळलेली पद्धत अशी, की चित्राच्या पृष्ठभागावर पातळ कागद वा कापड विरघळणाऱ्या डिंकाने चिकटवायचं, मग मागचा गिलावा भिंतीपासून हळूहळू सोडवत आणायचा, चित्राचा तुकडा सपाट फळीवर घ्यायचा, मागून नवा आधार द्यायचा आणि शेवटी पुढचं कापड काढायचं. एकेका हातभर तुकड्याला दिवसच्या दिवस लागतात. शिवाय इथे चित्रावर चित्र होतं. वरचं काढताना खालचं जाऊ द्यायचं नाही आणि वरचंही फेकायचं नाही. म्हणून प्रत्येक थराचं रेखाटन आणि छायाचित्रण आधी करावं लागलं. मूळ चित्रं संग्रहालयाच्या संग्रहात गेली. नव्या जागी भिंतीवर जी दिसतात ती पुन्हा काढलेली आहेत. हा फरक ध्यानात ठेवूनच पुढचं सगळं वाचायला हवं.

मग भिंती. गोव्यात साळावली धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या कुर्डी गावातलं महादेवाचं प्राचीन देऊळ दगड न् दगड सुटा करून दुसरीकडे उभारलं, हे अनेकांना माहीत असेल. तिथे दगड घडीव होते. घडीव दगडाला आकडा घालता येतो, तो नकाशावर मांडता येतो आणि त्याच जागी परत बसवता येतो. डबराच्या भिंतीचं तसं नसतं. दाराची चौकट, खिडक्यांच्या कडा, कमानीचे दगड, कोपऱ्यातले चिरे यांना आकडे घालता येतात. पण मधली सगळी भिंत म्हणजे लहानमोठे अनघड दगड आणि त्यांना धरून ठेवणारा चुना. मोडल्यावर तिचा ढीग होतो. तेच दगड, त्याच रुंदीत, त्याच ठेवणीने पुन्हा रचता येतात, पण भिंत नवीच बांधावी लागते. सेंट फॅगन्समध्ये उभं आहे ते तेच चर्च आहे की नवं? दगड तेच आहेत, आकार तोच आहे, कमानी आणि चौकटी त्याच आहेत. त्यांना जोडणारा गिलावा आणि भिंत रचणारे हात मात्र आपल्या काळातले आहेत. हे उघडपणे सांगितलं तर त्यात कमीपणा काहीच नाही.

बांधकाम चुन्यात झालं, सिमेंटात नाही. हे आपल्याकडच्या प्रत्येक मंदिर समितीला आणि वाड्याच्या मालकाला सांगावंसं वाटतं. जुन्या दगडी भिंतीत ओल येते आणि जाते. चुना तिला जाऊ देतो. सिमेंटचा कडक, घट्ट थर तिला आत कोंडतो. मग ओल दगडातून वाट काढते आणि दगडच झिजतो. चुन्याच्या घाण्या आपल्या गावोगावी होत्या आणि त्यांची दगडी चाकं अजून कुठे कुठे पडलेली दिसतात. ते ज्ञान फार लांब गेलेलं नाही.

कोणत्या सालातलं चर्च?

या प्रकरणातला खरा वाद इथे आहे.

इमारत तेराव्या शतकापासून विसाव्यापर्यंत वापरात होती. पुन्हा उभारताना तिचं कोणतं रूप दाखवायचं? सोपं उत्तर असं, की मोडताना होतं तेच. पांढऱ्या भिंती, पेटीची बाकं, साधी वेदी. 1877 मध्ये इंग्लिश कलावंत आणि लेखक विल्यम मॉरिसने जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली ती याच मुद्द्यावर. व्हिक्टोरियन काळातले वास्तुविशारद चर्चमधले मधल्या शतकांचे थर खरवडून त्याला ‘मूळ’ मध्ययुगीन रूप देत होते आणि मॉरिसच्या मते ती इतिहासाची मोडतोड होती. व्हेनिस सनदेनेही पुढे तेच उचलून धरलं. वास्तूतलं प्रत्येक काळाचं मोलाचं योगदान राखा, शैलीची एकसंधता हे उद्दिष्ट नव्हे, आणि जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे.

संग्रहालयाने 1530च्या सुमाराचं रूप निवडलं. म्हणजे धर्मसुधारणेच्या अगदी आधीचं चर्च, भिंतभर चित्रं, कोरीव लाकूड, मेणबत्त्या, लॅटिन उपासना. कारण उघड आहे. चित्रांचा पुरावा इतका भरघोस होता, की त्या काळातलं एखादं साधं ग्रामीण चर्च आतून पूर्ण कसं दिसत होतं हे दाखवणं शक्य झालं होतं. ब्रिटनमध्ये मध्ययुगीन चित्रांचे तुकडे अनेक चर्चमध्ये आहेत. इथे एक हात, तिथे अर्धा पंख. पण सगळ्या भिंती एकाच वेळी रंगलेल्या, वर रंगवलेलं लाकूडकाम, असा एकत्र अनुभव कुठेच उरलेला नाही. पांढऱ्या, उघड्या दगडाच्या चर्चला ‘जुनं’ म्हणायची सवय लागलेल्या माणसाला हा रंगांचा गजबजाट पाहून धक्का बसतो. तो धक्का इतिहासाच्या दृष्टीने खरा आहे.

या निर्णयाचं मोजमाप मी पुराव्याच्या तीन पायऱ्यांवर करतो. पहिली पायरी इमारत आणि जिथे चित्रांचे मोठे भाग सापडले त्या भिंती. इथे पुरावा पक्का आहे, शंका नाही. दुसरी पायरी चित्रांतले गळालेले भाग. ते त्याच काळातल्या इतर चित्रांशी, काचचित्रांशी आणि छापील प्रतिमांशी ताडून पूर्ण केले गेले. इथे अंदाज आहे, पण शिस्तीतला आहे आणि मूळ तुकडे संग्रहात असल्यामुळे कुणीही तो तपासू शकतो. तिसरी पायरी लाकूडकाम. मुख्य दालन आणि वेदीचा भाग यांच्यामध्ये कोरीव लाकडी पडदा असे आणि त्याच्या डोक्यावर क्रूसाचा सज्जा. लान्डायलोचा तो पडदा कधीच गेलेला होता. पण पॅट्रिशोच्या चर्चमध्ये सुमारे 1500 सालचा असा पडदा अजून जागेवर उभा आहे आणि वेल्समध्ये अशी आणखी थोडी उदाहरणं उरली आहेत. अशा आधारावर ओकच्या लाकडात नवा पडदा आणि सज्जा घडवले गेले आणि सज्ज्यावर टायलोच्या चरित्रातले प्रसंग कोरले गेले. काम देखणं आहे. अंदाज सुरू होतो तिथे थांबा, या सनदेतल्या वाक्यावर बोट ठेवायचं तर ठेवायचं ते इथेच.

तरीही मी संग्रहालयाच्या बाजूने झुकतो आणि त्याचं कारण इमारत हलवलेली होती हेच आहे. ती आपल्या जागेवर उभी असती, भिंतीवर मूळ गिलावा असता, तर त्यावर 1530 चं रूप चढवणं हा अपराध ठरला असता. इथे मूळ गिलावा भिंतीवर उरलेलाच नव्हता. तो काढून, नोंदवून, जपून ठेवलेला होता. नव्याने बांधलेल्या भिंतीवर नवा गिलावा येणारच होता. त्यावर पांढरा हात मारून ‘हे 1970 चं चर्च’ म्हणणं हीसुद्धा एक पुनर्रचनाच झाली असती.

रंगकामाची पद्धतही अभ्यासाचा भाग झाली. त्या काळातल्या खेड्यातल्या चित्रकाराकडे काय असायचं? गेरू, पिवडी, काजळी आणि चुन्याचा पांढरा, मुख्यतः एवढंच. डबाबंद रंगाने काढलेली रेघ आणि चुन्यावर गेरूने ओढलेली रेघ यांत डोळ्याला फरक कळतो. चुन्यात मातीचा रंग मुरतो, कडा किंचित मऊ होते आणि पृष्ठभाग चकाकत नाही. आपल्या वाईजवळच्या मेणवलीत नाना फडणवीसांच्या वाड्यात भिंतीवरची पेशवेकालीन चित्रं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा मऊपणा ओळखीचा वाटेल. आणि काळ्या दगडाच्या देवळांवर, शिल्पांच्या नाकाडोळ्यांसकट, चकचकीत ऑइलपेंट चढलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्याच्या नेमकं उलटं काय ते समजेल. तो पेंट लावणाऱ्यांची भक्ती खोटी नसते. त्यांना कुणी दुसरी वाट दाखवलेली नसते, आणि हे काम सरकारच्या आणि आमच्यासारख्या वारशाबद्दल बोलणाऱ्यांच्या वाट्याचं आहे.

14 ऑक्टोबर 2007 रोजी कँटरबरीचे तेव्हाचे आर्चबिशप रोवन विल्यम्स यांच्या हस्ते चर्चचं उद्घाटन झालं. ते स्वतः स्वान्सी परिसरातले, वेल्श भाषक. अँग्लिकन पंथाच्या प्रमुखाने धर्मसुधारणेपूर्वीच्या, कॅथलिक रूपात सजवलेल्या चर्चचं दार उघडावं, ही घटना मला मोठी वाटते. ज्या चित्रांवर सोळाव्या शतकात सत्तेने चुना फिरवला, ती त्याच परंपरेच्या वारसदाराच्या साक्षीने परत भिंतीवर आली.

काय गमावलं

हिशेब पुरा करायचा तर दुसरी बाजूही मांडायला हवी. चर्च गेलं, पण दफनभूमी दलदलीतच राहिली. ज्यांचे पूर्वज त्या मातीत आहेत त्यांना आता थडगी एकीकडे आणि चर्च दुसरीकडे अशी स्थिती आहे. जवळच नॉर्मन काळातल्या किल्ल्याच्या मातीच्या टेकड्या आहेत, नदीचा उतार आहे, भरतीचं वेळापत्रक आहे. हे चर्च तिथेच का होतं, याचं उत्तर त्या भूगोलात आहे आणि कार्डिफच्या हिरवळीवर ते मिळत नाही. संत ख्रिस्तोफर हा नदी ओलांडून नेणारा संत. भरतीची नदी पार करून येणाऱ्या माणसाला तो दारात दिसणं आणि गाडीतळावर गाडी लावून आलेल्याला दिसणं, यांत अंतर पडणारच.

आणि मला पूर्ण न पटलेली गोष्ट ही, की 1530 नंतरची सव्वाचारशेहून अधिक वर्षं इमारतीतून दिसेनाशी झाली. वचनं लिहिलेल्या पांढऱ्या भिंती, बंदिस्त बाकं, त्यांत बसलेल्या दहा-बारा पिढ्या. त्यांची श्रद्धा आधीच्यांपेक्षा कमी नव्हती. वेल्सचा पुढचा सगळा इतिहास, वेल्श भाषेतलं बायबल, साध्या प्रार्थनाघरांची परंपरा, हे त्या पांढऱ्या भिंतींच्या बाजूचं आहे.

त्याच आवारात पेन-रिउ नावाचं 1777 सालचं, युनिटेरियन या प्रोटेस्टंट परंपरेतल्या पंथाचं प्रार्थनाघर आधीच आणून उभं केलेलं आहे. आतून पांढरं, बाकं बंदिस्त, चित्र एकही नाही. दोन्ही वास्तू एका फेरीत पाहता येतात आणि मधल्या अडीचशे वर्षांत त्या देशाच्या धर्मात काय उलथापालथ झाली ते पायी चालत कळतं. संग्रहालयाच्या निवडीला यामुळे बळ मिळतं, हे मी मान्य करतो. फक्त ती पांढरी भिंत दुसऱ्या गावाची आणि दुसऱ्या पंथाची आहे. लान्डायलोची स्वतःची पांढरी भिंत आता मोडण्याआधीच्या रेखाटनांत, छायाचित्रांत आणि नोंदींत आहे.